गूळ, राळ आणि कांचेची लोंकर

वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्याची एखादी खपली सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरून पाहिली, तर मातीच्या कणांमधून आडवेतिडवे पसरलेले वनस्पतींचे तंतु तींत दिसतात. हे तंतु गवंड्याच्या हातून चुकून पडलेले नव्हेत; गिलावा सुकतांना तडकूं नये म्हणून ते मुद्दाम कालविलेले आहेत. २०१६ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत यांतील कांहीं तंतु भांगेच्या झाडाचे असल्याचें दाखविण्यांत आलें. अजिंठ्याच्या गिलाव्यांत भांग आढळली नाहीं. तेथील चित्रांची किड्यांनीं जी नासाडी केली तशी वेरूळास झाली नाहीं, त्याचें श्रेय या तंतूकडे असावें, असा अभिप्रायहि संशोधकांनीं दिला. भांगेचें नांव निघतांच वृत्तपत्रांनीं ही बातमी मोठ्या चवीनें छापली, हें सांगावयास नकोच.

त्या बातम्या वाचतांना आम्हांस मात्र वेगळीच रुखरुख लागली. तंतूचें नांव, गांव, गुणधर्म सर्व सांगून झालें. परंतु त्या तंतूंस हजारांहून अधिक वर्षें एका जागीं धरून ठेवणारी जी माती आणि जो चुना, त्यांची विचारपूस नाममात्रच झाली. बांधकामाच्या इतिहासांत बहुधा असेंच घडत आलें आहे. भिंत म्हटली कीं डोळ्यांपुढें दगड-विटा येतात. घाणींत चुना मळतांना त्यांत गूळ, बेलफळाचा गर, उडदाचें पाणी घालणाऱ्या गवंड्याची विद्या त्याच्याबरोबर जाते. जें धरून ठेवतें तें दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्याचा उपकार किंवा उपद्रव पुष्कळ उशिरां कळतो. या लेखांत आम्ही अशाच एका न दिसणाऱ्या द्रव्याची, म्हणजे कांचेच्या लोंकरीस बांधून ठेवणाऱ्या राळेची, आणि पुढें तिच्या जागीं आलेल्या साखरेची हकीकत सांगणार आहों.

कापड म्हटलें कीं ताणा आणि बाणा आलाच, अशी आपली समजूत असते. परंतु न विणतांहि वस्त्र होतें, हें ज्यांनीं बुरणूस वापरला आहे त्यांस ठाऊक आहे. मेंढीच्या केंसांवर सूक्ष्म खवले असतात. ओली लोंकर तुडविली, लाटली, दाबली म्हणजे ते खवले एकमेकांत अडकतात आणि माग-धोट्यावांचून जाड, उबदार पट तयार होतो. बुरणुसाला डिंक लागत नाहीं, कारण त्याचा डिंक त्याच्या केंसांच्या घडणींतच आहे. कांचेच्या तंतूचें तसें नाहीं. तो आरशासारखा गुळगुळीत. कितीहि दाबा, हात सोडतांच सर्व तंतु निसटून मोकळे. त्यांची गादी, चटई किंवा फळी करावयाची तर बाहेरून कांहींतरी चिकट द्रव्य आणलेंच पाहिजे. सुतार सरस म्हणेल, चांभार खळ म्हणेल. आम्ही येथें त्यास बंधक म्हणूं.

कांचेची लोंकर ही तशी कालपरवांची वस्तु. १९३२ सालीं अमेरिकेंत ओवेन्स-इलिनॉइस या बाटल्या करणाऱ्या कंपनींत डेल क्लाइस्ट नांवाचा तरुण संशोधक कांचेच्या पोकळ विटांचे दोन अर्धे भाग वितळलेल्या कांचेनें सांधण्याची खटपट करीत होता. त्या भानगडींत दाबलेल्या हवेचा झोत वितळलेल्या कांचेच्या धारेवर बसला आणि धारेचे बारीक तंतु होऊन ते चहूंकडे उडाले. विटा सांधण्याचें राहिलें बाजूला. त्याचा वरिष्ठ गेम्स स्लेटर यानें या उडालेल्या तंतूंचेंच महत्त्व ओळखलें. १९३८ सालीं ओवेन्स-इलिनॉइस आणि कॉर्निंग या दोन कांचकंपन्यांनीं मिळून त्यासाठीं निराळी कंपनी काढली. तंतूंच्या गुंत्यांत अडकून पडलेली हवा उष्णतेस वाट देत नाहीं. थंड देशांत भिंतींच्या पोटांत आणि छपराखालीं ही लोंकर भरली कीं शेगडीचा खर्च वांचतो. तंतु जळत नाहीं, कुजत नाहीं, त्यास कसर लागत नाहीं. एवढे गुण एका ठिकाणीं क्वचितच सांपडतात.

पुढें तंतु काढण्याची रीत सुधारली. बाजूस असंख्य छिद्रें असलेलें एक भांडें अतिवेगानें फिरवावयाचें आणि आंत वितळलेली कांच सोडावयाची; छिद्रांतून तंतु बाहेर फेकले जातात. जत्रेंत ‘म्हातारीचे केंस’ विकणाऱ्याचें यंत्र ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस याहून अधिक वर्णन नको. साखरेच्या जागीं कांच, एवढाच फरक. आणि ही तुलना वाचकांनीं लक्षांत ठेवावी, कारण शेवटीं साखर या कारखान्यांत खरोखरीच शिरावयाची आहे. तंतु खालीं चालत्या जाळीवर पडत असतांनाच त्यांवर बंधकाचा पाण्यांतील द्राव फवारतात. मग तो पसारा भट्टींतून नेतात. पाणी उडून जातें, आणि जेथें जेथें दोन तंतु एकमेकांस ओलांडतात तेथें तेथें बंधकाचा थेंब गोठून गांठ बसते.

या थेंबाकडून काय काय अपेक्षा! तो स्वस्त असला पाहिजे. पाण्यांत विरघळला पाहिजे, पण भट्टींतून निघाल्यावर पाण्यास दाद देतां कामा नये. फवाऱ्याच्या तोंडाशीं घट्ट होतां कामा नये, पण भट्टींत क्षणांत घट्ट झाला पाहिजे. शिवाय कारखान्यांतून निघतांना गादी चेंगरून गुंडाळी करतात, गाडींत कमी जागा लागावी म्हणून. ती घरीं उलगडली कीं पुन्हा फुगून पूर्ववत् जाड झाली पाहिजे. हें काम तंतूचें नव्हे, बंधकाचें. मालाच्या वजनांत बंधकाचा वांटा साधारणपणें शेंकडा दहाहूनहि कमी. पण तो काढला तर राहतो केवळ कांचेचा कचरा.

या सर्व अटी पाळणारें द्रव्य कांचेची लोंकर जन्मास येण्यापूर्वींच तयार होतें, आणि त्याचा प्राण होता फॉर्माल्डिहाइड नांवाचा वायु.

एक कार्बन, एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, एवढाच या वायूचा संसार. रशियन रसायनज्ञ अलेक्झांडर बुटलेरोव्ह याच्या हातीं तो १८५९ सालीं लागला, पण त्याची ओळख पुरती पटली नाहीं. १८६७ सालीं आउगुस्ट हॉफमान यानें लांकडी मद्यार्काची वाफ हवेसह तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेवरून नेऊन तो मुद्दाम तयार केला. पंचवीस वर्षें तो प्रयोगशाळेबाहेर फारसा आला नाहीं. नंतर घडलेली एक लहानशी गोष्ट आम्हांस या सर्व इतिहासाचें मर्म वाटते. १८९३ सालीं फ्रांकफुर्ट येथील फर्डिनांड ब्लुम हा डॉक्टर फॉर्माल्डिहाइडचा पाण्यांतील द्राव, म्हणजे फॉर्मॅलिन, रोगजंतूंवर कितपत चालतो हें तपाशीत होता. काम करितां करितां त्याच्या बोटांची कातडी ताठ आणि टणक झालेली त्याला आढळली; मद्यार्कांत बुडवून ठेवलेल्या शरीराच्या नमुन्यांची होते तशी. ज्याअर्थीं जिवंत बोटाची कातडी कडक होते, त्याअर्थीं मृत शरीराचे भागहि या द्रावांत टिकतील, असें अनुमान त्यानें काढलें आणि तें बरोबर ठरलें. आजहि वैद्यकीय विद्यालयाच्या शवागारांत पाऊल टाकतांच जो दर्प नाकांत भरतो, त्याचा उगम ब्लुमच्या बोटांत आहे.

कातडी टणक कां झाली? कारण हा चिमुकला वायु दोन्ही हातांनीं पकडणारा आहे. प्रथिनाच्या एका सांखळीस एका हातानें आणि शेजारच्या सांखळीस दुसऱ्या हातानें धरून तो त्यांची गांठ मारतो. प्रथिन कातडींतलें आहे कीं दुधांतलें, हें तो पाहत नाहीं. १८९७ सालीं जर्मनींत क्रिशे आणि स्पिटेलर या दोघांनीं दुधांतील केसिन फॉर्मॅलिनमध्यें मुरवून त्यापासून शिंगासारखा कठीण पदार्थ केला; मांजरानें फॉर्मॅलिनची बाटली दुधाच्या बशींत लवंडल्यामुळें हा शोध लागला, अशी आख्यायिका आहे, ती खरी असो वा नसो. त्या दुधाचीं बटनें, फण्या आणि पेनें पुढें कित्येक वर्षें बाजारांत होतीं.

यापुढची पायरी आपल्या देशाशीं दुरून संबंध ठेवते. विद्युत्-यंत्रांच्या तारांवर लेप देण्यास त्या काळीं लाख वापरीत. ती हिंदुस्थानांतील झाडांवरच्या किड्यांपासून गोळा करावी लागे आणि मागणी वाढल्यानें तिचा भाव चढत होता. लाखेला पर्याय शोधीत असतांना लेओ बेकलंड या अमेरिकेंत स्थायिक झालेल्या बेल्जियन रसायनज्ञानें फेनॉल, म्हणजे कार्बोलिक आम्ल, आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगाकडे लक्ष वळविलें. १८७२ सालींच आडोल्फ फोन बायर यानें फेनॉल आणि अल्डिहाइड यांपासून एक राळेसारखा गोळा केला होता. परंतु तो कशांतच विरघळेना, भांड्यास चिकटला तर सुटेना, म्हणून शास्त्रज्ञांस ती एक पीडाच वाटे. बेकलंडनें त्या पीडेंतच धन पाहिलें. उष्णता आणि दाब ताब्यांत ठेवून त्यानें १९०७ सालीं ती राळ साध्य केली आणि १९०९ सालीं रसायनज्ञांच्या सभेपुढें बेकेलाइट या नांवानें जाहीर केली. तिचीच पाण्यांत विरघळणारी, अर्धवट शिजलेली जात पुढें कांचेच्या लोंकरीस मिळाली. यूरियापासून केलेली तिची स्वस्त बहीण १९३० च्या सुमारास जर्मनींतून आली आणि फळ्या चिकटविण्याच्या धंद्यांत घुसली. फेनॉलची राळ पाण्यास दाद देत नाहीं. यूरियाची मात्र ऊब आणि ओल मिळाली कीं हळूहळू उलगडते आणि बांधलेला वायु परत सोडते.

कारखान्यांतील व्यवहार असा असे. राळ चांगली शिजावी म्हणून फेनॉलच्या मानानें फॉर्माल्डिहाइड पुष्कळ जास्त घालीत. जो उरे त्यास आंवरण्यासाठीं आयत्या वेळीं यूरिया मिसळीत; तरीहि फवाऱ्यापाशीं आणि भट्टीच्या धुरांड्यांतून कांहीं भाग निसटे तो निसटेच. यूरियाच्या या उपायाचा एक चमत्कारिक परिणाम म्हणजे तयार मालास दमट हवेंत कधीं कधीं मासळीचा वास येई. भट्टींत तयार झालेल्या ट्रायमेथिलअमाइन नांवाच्या द्रव्याचा तो वास. कोंकणांतल्या माणसास त्यांत कांहीं गैर वाटलें नसतें, परंतु अमेरिकेंतील गिऱ्हाइकें तक्रारी करीत. मासळीच्या वासाबद्दल तक्रार होई, पण त्यामागच्या डोळे चुरचुरविणाऱ्या वायूबद्दल पुष्कळ दिवस होत नसे. कारण घरीं आलेल्या लोंकरींतून सुटणारा अंश खरोखरच थोडा असे. मोठा वांटा श्वासावाटे घेई तो भट्टीजवळचा कामगार आणि कारखान्याच्या शेजारचा रहिवासी. बिऱ्हाडकरूच्या नाकाला जें झोंबत नाहीं, तें धंद्याच्या जमाखर्चांत येत नाहीं.

पहिला बोभाटा झाला तो लोंकरीच्या नव्हे, तिच्या चुलतबहिणीच्या निमित्तानें. १९७३ सालच्या तेलटंचाईनंतर उत्तर अमेरिकेंत घरें उबदार ठेवण्याची धांदल उडाली. भिंतींना भोकें पाडून आंत यूरिया-फॉर्माल्डिहाइडचा फेंस भरण्याचा धंदा त्या वेळीं फोफावला. कॅनडाच्या सरकारनें तर त्यास अनुदान दिलें. फेंस भरणारे कारागीर घाईंत. मिश्रणाचें प्रमाण चुके, भिंती दमट असत, आणि यूरियाची राळ उलगडूं लागे. लोकांचे डोळे, घसे आणि डोकीं दुखूं लागलीं. याच सुमारास अमेरिकेंत रासायनिक धंद्यानें स्वतः चालविलेल्या संस्थेंत उंदरांवर दीर्घ प्रयोग झाला. हवेंत दर दशलक्ष भागांस चौदा भागांच्या आसपास हा वायु ज्यांस हुंगविला त्या २४० उंदरांपैकीं १०३ उंदरांच्या नाकांत कर्करोग झाला. कॅनडानें १९८० च्या डिसेंबरांत फेंसावर बंदी घातली. स्वतः पैसे देऊन भरविलेला माल स्वतःच निषिद्ध ठरविण्याची पाळी त्या सरकारवर आली. अमेरिकेनें १९८२ सालीं बंदी केली, पण १९८३ सालीं तेथील अपील न्यायालयानें ती रद्द केली. एवढ्या थोड्या उंदरांवरून माणसांच्या धोक्याचा नेमका आंकडा काढतां येत नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. गणिताच्या दृष्टीनें न्यायाधीश अगदींच चुकले असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु नेमका आंकडा मिळेपर्यंत हुंगत राहण्याचें काम कोणी करावयाचें, हा प्रश्न निकालपत्रांत सुटला नाहीं.

लोकांची भीति त्या वर्षांत भलत्याच दिशेनें धांवत होती, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. अॅस्बेस्टॉसनें शेंकडों कामगारांच्या फुप्फुसांची माती केल्यामुळें जो जो तंतु तो तो संशयित झाला, आणि तें स्वाभाविक होतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन मंडळानें १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत कांचेच्या लोंकरीस ‘कदाचित् कर्करोगकारक’ या वर्गांत घातलें. २००१ सालीं त्याच मंडळानें पुरावा पुन्हा तपासला आणि घरांत वापरल्या जाणाऱ्या लोंकरीस त्या वर्गांतून काढलें. तो तंतु फुप्फुसांत फार काळ टिकत नाहीं. आणि २००४ सालीं त्याच मंडळानें फॉर्माल्डिहाइडला माणसांत निश्चितपणें कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत नेऊन बसविलें. नाकाच्या मागील बाजूस घशांत होणाऱ्या कर्करोगाचा पुरावा त्यांस पुरेसा वाटला. पुढें २००९ सालीं रक्ताच्या कर्करोगाचा आरोपहि त्यावर ठेवण्यांत आला. म्हणजे इतकीं वर्षें पिंजऱ्यांत उभा होता तंतु, आणि गुन्हा शाबीत झाला बंधकावर!

न्यायासाठीं दुसरी बाजूहि सांगतों. फॉर्माल्डिहाइड हें परकें विष नव्हे. आपल्या रक्तांतहि तें अत्यल्प प्रमाणांत सदैव असतें आणि शरीर त्याची विल्हेवाट लावीत असतें. लांकूड जळतांना, उदबत्ती जळतांना, विडी ओढतांना तें निघतें. प्रश्न प्रमाणाचा आहे. २०१० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें घरांतील हवेसाठीं दर घनमीटरास ०·१ मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली. २००५ च्या कॅटरिना वादळांत घरें गमावलेल्या अमेरिकन कुटुंबांस सरकारनें चाकांच्या खोल्या दिल्या होत्या. २००७-०८ च्या हिवाळ्यांत अशा ५१९ खोल्या तपासल्या तेव्हां सरासरी या मर्यादेच्या काठाशीं आली, आणि कांहीं खोल्यांत तर तिच्या कित्येक पट वायु निघाला. तेथें मुख्य अपराधी चिकट फळ्या होत्या, लोंकर नव्हे. तरी त्या प्रकरणानें ‘फॉर्माल्डिहाइड’ हा अवघड शब्द घराघरांत पोंचविला.

आतां पर्यायाची हकीकत. ती सुरू होते सदऱ्यांपासून. इस्त्री न लागणारें सुती कापड करण्यासाठींहि फॉर्माल्डिहाइडचींच संयुगें वापरीत. १९८८ सालीं न्यू ऑर्लिअन्स येथील अमेरिकन कृषिखात्याच्या प्रयोगशाळेंतून क्लार्क वेल्श यानें त्यावर तोड प्रसिद्ध केली. लिंबांत जें सायट्रिक आम्ल असतें त्याच जातीचें, चार आम्ल-हात असलेलें एक संयुग घ्यावयाचें, उत्प्रेरक म्हणून फॉस्फरसचा एक क्षार घालावयाचा आणि तापवावयाचें. आम्लाचे हात कापसाच्या तंतूंस घट्ट धरतात, आणि बाहेर पडतें तें केवळ पाणी. हें संयुग महाग असल्यानें सदऱ्यांच्या धंद्यांत त्याचा फारसा निभाव लागला नाहीं. पण विचार टिकला. १९९७ सालीं रोम अँड हास या कंपनीस कांचेच्या न विणलेल्या पटासाठीं अशाच बंधकाचें पेटंट मिळालें: अॅक्रिलिक आम्लाची लांब सांखळी, तिला जोडणारें एक बहुहस्त मद्यार्कसंयुग, आणि तोच फॉस्फरसचा उत्प्रेरक. कापसाच्या घडीसाठीं जी युक्ति निघाली ती कांचेच्या गांठीस उपयोगी पडली.

२००२ सालीं जॉन्स मॅनव्हिल कंपनीनें घरांसाठीं करावयाची आपली सारी लोंकर अशा अॅक्रिलिक बंधकावर नेली. हीच ती कंपनी, जिला अॅस्बेस्टॉसनें रोगी झालेल्यांच्या दाव्यांपुढें १९८२ च्या ऑगस्टांत दिवाळखोरीचा आसरा घ्यावा लागला होता. दुधानें तोंड पोळलें म्हणजे ताकहि फुंकून प्यावें लागतें. परंतु केवळ पश्चात्तापानें हें घडलें असें समजणें भोळेपणाचें होईल. १९९९ सालीं अमेरिकन सरकारनें लोंकरीच्या कारखान्यांतील धुरांड्यांवर निर्बंध घातले होते, आणि धूर शुद्ध करणारीं यंत्रें महाग पडतात. जो वायु मुळांतच आणला नाहीं तो धुरांड्यांतून काढावा लागत नाहीं.

नवा बंधक कारखान्यांत आला तो कांहीं मुकाट्यानें नांदला नाहीं. तो आम्लधर्मी, पोलादाच्या नळ्या, पंप आणि जाळ्या त्यानें खाण्यास आरंभ केला. जुन्या राळेच्या मानानें तो महाग, आणि भट्टीहि अधिक तापवावी लागे. माणसाच्या नाकाचा त्रास यंत्राच्या पोटावर आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. पण यंत्राची झीज तरी ताळेबंदांत दिसते.

आणि येथें गूळ रंगभूमीवर येतो. १९१२ सालीं लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनज्ञानें द्राक्षशर्करा आणि प्रथिनांतील एक घटक एकत्र तापविले असतां मिश्रण तपकिरी होतें, हें दाखवून दिलें. भाकरीच्या पापुद्र्यावरचे खरपूस डाग, भाजलेल्या कॉफीचा रंग, खव्याचा वास हीं सर्व याच क्रियेचीं लेंकरें. या क्रियेच्या शेवटीं एक काळपट, पाण्यांत न विरघळणारा गुंता तयार होतो. दुधाचें भांडें करपलें म्हणजे तो घासतांना गृहिणीच्या हातास त्याच्या चिवटपणाचा प्रत्यय येतोच. क्नाउफ या जर्मन घराण्याच्या कंपनीनें हाच चिवटपणा कामास लाविला. मक्यापासून काढलेली शर्करा आणि सायट्रिक आम्लाचा अमोनिया-क्षार यांचा द्राव कांचेच्या तंतूंवर फवारला, भट्टींत भाजला, आणि २००९ च्या सुमारास खाकी-तपकिरी रंगाची लोंकर बाजारांत आणली. हा रंग वरून दिलेला नव्हे. करपलेल्या साखरेचाच आहे. फेनॉलच्या राळेची लोंकर पिंवळी असे, म्हणून पिंवळा रंग हेंच अस्सलपणाचें लक्षण, असें गवंडी आणि सुतार धरून बसले होते.

आमच्या गवंड्याच्या गुळाशीं या शर्करेचें नातें आहे कीं काय, असें वाचक विचारतील. रसायनाच्या दृष्टीनें नाहीं. चुन्यांतील गूळ चुन्याचें घट्ट होणें लांबवितो आणि तो हातास लोण्यासारखा करितो. भिंत धरतो तो चुनाच. कांचेच्या लोंकरींत साखर स्वतःच गांठ होऊन बसते. नातें असलेंच तर एवढेंच कीं, बांधकामाचें द्रव्य स्वयंपाकघरांत शोधण्याची लाज जुन्या गवंड्यास नव्हती, आणि ती टाकण्यास नव्या कारखानदारास शंभर वर्षें लागलीं.

अमेरिका आणि कॅनडा यांतील घरगुती कांचेच्या लोंकरींतून फॉर्माल्डिहाइडची राळ २०१५ सालापर्यंत हद्दपार झाली. इतकी जुनी रीत तेरा वर्षांत मोडणें ही धंद्याच्या इतिहासांत लहान गोष्ट नव्हे. तरीहि ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ या चिठ्ठीचा अर्थ नीट वाचावा. ती चिठ्ठी एवढेंच सांगते कीं हा वायु मुद्दाम घातलेला नाहीं. साखर तापली म्हणजे तिच्यांतूनहि त्याचा लेश निघूं शकतो. आणि साखरेच्या भट्टींतून अमोनिया निघतो, त्याचा बंदोबस्त करावाच लागतो. शिवाय सर्वच पट सुधारले असें नाहीं. अमेरिकेंतील छपरांच्या डांबरी कौलांच्या पोटांत कांचेचा कागदासारखा पातळ पट असतो. तो कागदाप्रमाणेंच पाण्यांतून उचलतात आणि यूरियाच्या राळेनें बांधतात. मग तो डांबरांत बुडतो आणि कोणाच्या नाकास त्याचा पत्ता लागत नाहीं. २००२ सालीं या पटांच्या कारखान्यांसहि धुराचे नियम लागू झाले, पण स्वस्ताई आणि वेग यांच्या जोरावर यूरियाच्या राळेनें तेथें आपलें ठाणें सहजासहजीं सोडलें नाहीं. युरोपांत २०२३ सालीं लांकडी सामान आणि इतर वस्तूंतून सुटणाऱ्या वायूवर मर्यादा घालणारा नियम झाला. लांकडी वस्तूंसाठीं ती दर घनमीटरास ०·०६२ मिलिग्रॅम ठरली, आणि अंमलासाठीं ऑगस्ट २०२६ ही मुदत दिली गेली.

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या एका स्नेह्यांच्या नव्या बिऱ्हाडीं जाण्याचा योग आला. वरच्या मजल्यावरचें घर. छत उन्हानें तापूं नये म्हणून त्याखालीं लोंकरीच्या गाद्या भरून वर खोटें छत करण्याचें काम चाललें होतें, आणि शेजारच्या खोलींत कपाटें बसत होतीं. त्या खोलींत शिरतांच आमच्या डोळ्यांस पाणी आलें. मिस्त्री हांसून म्हणाला, “नवा माल आहे साहेब, वास यायचाच. चार दिवस खिडक्या उघड्या ठेवा, जाईल.” फळ्यांबद्दल त्याची मुळींच तक्रार नव्हती. त्याची तक्रार होती गाद्यांबद्दल. एक तपकिरी गादी उचलून त्यानें आमच्या स्नेह्यांपुढें धरली, तिला बोटानें खरडलें आणि म्हणाला, “ही जळकी आलीय बघा. पिवळी असते ती अस्सल. दुकानदाराला परत द्यायला पाहिजे.” आम्हीं ती गादी नाकाशीं नेली, कसलाच वास आला नाहीं. स्नेह्यांनीं मायारचा शोध त्यास समजावून सांगण्याचा बराच प्रयत्न केला, तेव्हां मान डोलवून मिस्त्रीनें ती गादी पुन्हा ढिगावर ठेवली, आणि शेजारच्या खोलीची दुसरी खिडकी उघडण्यासाठीं तो आंत गेला.